जहाजबुडीतली निळी-पांढरी भांडी: शिंपले ठेवावेत की काढावेत, आणि मांडणी कशी करावी?

निळाकाठ (प्रश्न)

बुडालेल्या जहाजांतून काढलेल्या चिनी भांड्यांपैकी तीन वस्तू एका भिंतीवर आणि तिच्या खालच्या फळीवर मांडायच्या आहेत. तपशील देतो.

पहिली, २३ सेंमी व्यासाची थाळी. नदी, पॅगोडा, पूल असं चित्र. मागे ‘नानकिंग कार्गो’ (१७५२ मध्ये बुडालेल्या डच जहाजातला माल) या लिलावाचं गोल लेबल आहे. झिलई (भांड्यावरचा काचेसारखा थर) अर्ध्या भागात चकचकीत, उरलेल्या अर्ध्यात खडूसारखी निस्तेज.

दुसरी, चहाची बिनकानाची वाटी आणि तिची बशी. बाहेरून तपकिरी, आतून निळी-पांढरी. जवळजवळ नव्यासारखी. लेबल तेच.

तिसरा, १५ सेंमीचा जाडसर वाडगा. एका अंगाला शिंपल्यांचा आणि समुद्री किड्यांच्या नळ्यांचा थर आहे. ‘टेक सिंग’ जहाजातला म्हणून विकला गेला, कागद काहीच नाही. बुडाच्या बिनझिलईच्या कडेवर पांढरी भुकटी येते. पुसली तरी पंधरा दिवसांत परत.

प्रश्न असे: भुकटीचं काय करायचं? शिंपले काढून वाडगा स्वच्छ करावा का? थाळी भिंतीला टांगता येईल का? आणि निस्तेज भाग ‘मळका’ न दिसता शोभून दिसावा यासाठी काय करावं? थाळीवर पातळ मेण किंवा तेल लावलं की निळा रंग उठून येतो असं वाचलंय.

खारंपाणी

आधी भुकटी, कारण बाकी सगळं थांबू शकतं, हे थांबत नाही.

भुकटी दोन प्रकारची असते. दहापट भिंगाखाली डिस्टिल्ड पाण्याचा एक थेंब तिच्यावर सोडा. सुयांसारखे स्फटिक विरघळून गेले तर ते मीठ. जसंच्या तसं राहिलं तर चुन्याचा थर, तो निरुपद्रवी. तुमची भुकटी पुसूनही परत येते, म्हणजे मीठच असणार. भिंतीला लोणा लागतो तोच हा प्रकार. हवा दमट झाली की भांड्याच्या अंगातलं मीठ ओलावा ओढून विरघळतं, हवा कोरडी झाली की पुन्हा स्फटिक होतं. स्फटिक होताना ते जागा मागतं, आणि झिलईच्या खालीच झालं तर झिलई खपलीसारखी उडवतं. उत्तम भाजलेल्या पोर्सलीनचं अंग पाणी जवळजवळ पीतच नाही, म्हणून तुमच्या वाटी-बशीला हा धोका कमी. जाडसर, कमी तापमानात भाजलेल्या, तडे गेलेल्या भांड्यांना जास्त. होई आनच्या (व्हिएतनामजवळच्या जहाजबुडीतल्या) मालातली १५व्या शतकातली व्हिएतनामी भांडी या बाबतीत फार हळवी असतात.

उपाय एकच: मीठ पाण्यात उतरवणं. पण भिजवण्याआधी दोन गोष्टी तपासा. एक, जुनी दुरुस्ती. काळोखात अतिनील टॉर्च मारा. गोंद आणि वरून मारलेला रंग बहुधा निळसर-पांढरा किंवा पिवळट चमकतो, झिलई तशी चमकत नाही. दुरुस्ती असेल तर भिजवू नका, सांधा सुटेल. दोन, झिलई कुठे सुटत चालली असेल, किंवा झिलईवर लाल, हिरवा, सोनेरी रंग उरला असेल, तर काम जाणकार संवर्धकाकडे द्या.

दोन्ही नसेल तर प्लास्टिकचा टब घ्या. धातूचा नको, गंजाचा डाग कायमचा बसतो. तळाला प्लास्टिकची जाळी, तिच्यावर वाडगा, वर चार बोटं पाणी येईल इतकं भरा. पहिले दोन-तीन दिवस नळाचं पाणी, रोज बदला. मग डिस्टिल्ड, आधी दर दोन दिवसांनी आणि पुढे आठवड्याने बदला. प्रत्येक वेळी जुनं पाणी ओतण्याआधी टीडीएस मीटरने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्राने) मोजून तारीख घालून लिहून ठेवा. आकडा आधी झपाट्याने उतरतो, मग रेंगाळतो. जाड वाडग्याला दोन-तीन महिने सहज लागतात.

इथे बरेच जण फसतात. तुमच्या वाडग्यावर शिंपले आहेत, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ते डिस्टिल्ड पाण्यात थोडं थोडं विरघळतं, त्यामुळे मीटर शून्याजवळ कधीच येणार नाही. लोक महिनोन्‌महिने पाणी बदलत बसतात. आकडा सलग तीन-चार वेळा तोच येऊ लागला की क्लोराइड (समुद्री मिठाचा घटक) वेगळं तपासा: थोड्या पाण्यात पातळ नायट्रिक आम्लाचे दोन थेंब, मग सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब. पाणी दुधाळ झालं तर मीठ अजून निघतंय, स्वच्छ राहिलं तर झालं. आम्ल आधी घालायचं, नाहीतर कार्बोनेटमुळेही दुधाळपणा येतो आणि उगाच घाबरायला होतं. हातमोजे आणि चष्मा घालून करा, किंवा नमुना प्रयोगशाळेत द्या. बाजारात मिळणाऱ्या पोहण्याच्या तलावाच्या पट्ट्या ‘क्लोरीन’ मोजतात, क्लोराइड नाही. त्या इथे बिनकामाच्या.

वाळवताना घाई नको. सुती कापडावर पालथं, सावलीत, दहा-पंधरा दिवस. हेअर ड्रायर, ऊन, ओव्हन यांपैकी काहीही वापरलं तर उरलंसुरलं मीठ एकदम पृष्ठभागाशी येऊन झिलई फोडतं.

दहापटभिंग

वरचं सगळं बरोबर, पण वाडगा दोन-तीन महिने भिजवण्याआधी तो खरंच समुद्रातला आहे का ते बघा.

टेक सिंग फेब्रुवारी १८२२ मध्ये चीनमधल्या आमॉयहून बटाव्हियाला (आजचं जकार्ता) जाताना इंडोनेशियातल्या गास्पर सामुद्रधुनीत बुडालं. १९९९ मध्ये बुडालेली जहाजं शोधणाऱ्या मायकेल हॅचरच्या पथकाने साडेतीन लाखांच्या आसपास भांडी वर काढली आणि स्टुटगार्टच्या नागेल लिलावगृहाने २००० साली ती विकली. बहुतेक माल फूच्यान प्रांतातल्या दहुआच्या भट्ट्यांचा. लिलावातून गेलेल्या वस्तूला नागेलचं लेबल किंवा प्रमाणपत्र असतं. नसलं म्हणजे खोटं असं नाही, लेबलं धुऊन जातात. पण माल एवढा प्रचंड निघाल्यामुळे ‘टेक सिंग’ हे नाव कुठल्याही पांढऱ्या वाडग्याला चिकटवायची सोय झालीय, हे लक्षात ठेवा.

आता शिंपले बघा. खरे जीव जिथे पृष्ठभाग पाण्यात उघडा होता तिथेच वाढतात. मातीत रुतलेली बाजू स्वच्छ, उघडी बाजू लदलेली, आणि दोन्हींमध्ये साधारण सरळ ‘गाळाची रेषा’. एका अंगालाच थर आहे असं तुम्ही लिहिलंय, हे चांगलं लक्षण. किड्यांच्या नळ्या पृष्ठभागाच्या वळणाशी तंतोतंत चिकटून सरकतात. जुना टवका असेल तर नळी त्या टवक्यावरूनही गेलेली दिसली पाहिजे. बनावटीत शिंपले सुटे आणून चिकटवतात, त्यामुळे त्यांच्या मुळाशी गोंदाचा काठ दिसतो, शिंपला तिरका किंवा चक्क उलटा बसलेला असतो. अतिनील टॉर्च इथेही उपयोगी. काही जण सिमेंट आणि वाळूचा लगदा लावतात. व्हिनेगरचा थेंब टाकून फेस आला म्हणजे खरं, हे ऐकलं असेल तर विसरा. सिमेंटलाही फेस येतो.

झिलईची झीजही पाहा. वाळूने घासलेली झिलई जिथे उंचवटा आहे तिथे जास्त झिजते, खोलगट जागी चमक टिकते, आणि ओरखड्यांना दिशा असते. आम्लात बुडवून ‘जुनी’ केलेली झिलई सगळीकडे एकसारखी मंद असते, काठाच्या आत आणि बुडाच्या कोपऱ्यातसुद्धा. वस्तू रचलेल्या अवस्थेत बुडाली असेल तर आतल्या तळाशी वर्तुळाकार ठसा मिळतो. वरच्या वाडग्याचं बूड जिथे टेकलं होतं तिथे झिलई ताजी, बाहेर निस्तेज. हा ठसा नकली मालात सहसा नसतो, कारण तो करायला डोकं लागतं.

अजून एक. बुडाच्या कडेला वाळूचे दाणे झिलईत पक्के रुतलेले असतील तर ते समुद्राचे नाहीत, भट्टीचे आहेत. भांडं भट्टीत चिकटू नये म्हणून खाली वाळू पसरायचे, विशेषतः झांगझोऊच्या (दक्षिण चीनमधल्या) मालात हे ठळक दिसतं. खरवडू नका.

निळाकाठ

टॉर्च आणि भिंग दोन्हींनी पाहिलं. गाळाची रेषा आहे, एक नळी काठाच्या टवक्यावरून गेलीय, आतल्या तळाशी वर्तुळही आहे. गोंदाची चमक कुठेच नाही. मग शिंपले काढायचे की नाही?

खारंपाणी

माझ्या मते नाही. वाडग्याचं वेगळेपण त्या थरातच आहे, तो काढला तर उरतो तो एक सामान्य जाड वाडगा. पण सैल झालेले, हात लावताच भुगा सांडणारे तुकडे तेवढे काढा. पाण्यात भिजलेले असतानाच काढायचे. बांबूच्या काडीचं टोक सपाट तासा, भिंगाखाली शिंपल्याच्या बाजूने आडवा दाब द्या. उभा दाब दिला की शिंपला झिलईचा टवका घेऊन निघतो, कारण शिंपल्याची पकड झिलईच्या स्वतःच्या पकडीपेक्षा कधी कधी मजबूत असते.

व्हिनेगर, लिंबू, टॉयलेट क्लीनर अजिबात नाही. आम्ल चुना खातं हे खरं, पण सोबत झिजलेली झिलईही खातं आणि झिलईवरचे रंग तर उडवतंच. व्हिनेगरचा आणखी एक त्रास आहे. त्याच्यामुळे तयार झालेलं कॅल्शियम अॅसिटेट अंगात मुरतं आणि काही महिन्यांनी पांढऱ्या केसाळ सुया बनून बाहेर येतं. मीठ काढायला बसायचं आणि नवं मीठ घालून उठायचं.

ब्लीचही नको, तेही क्लोराइड मागे सोडतं. काळे डाग असतील, म्हणजे ऑक्सिजन नसलेल्या चिखलातले लोह-सल्फाइडचे, तर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा कापूस तेवढ्याच डागावर ठेवून पाहता येतो, दर पंधरा मिनिटांनी उचलून बघत. नारिंगी गंजाच्या डागावर त्याने काही होत नाही. तो डाग राहू द्या, वाईट दिसत नाही.

फळीवरचा

आता मांडणी. तेल आणि मेणाचं उत्तर आधी: थाळीला नका लावू. निळा रंग झिलईच्या खाली आहे, तो गेलेला नाही. वरची झिलई सूक्ष्म खड्ड्यांनी भरल्यामुळे प्रकाश विखुरतो आणि निळा राखाडी दिसतो. पाण्याने ओली केली की खड्डे भरतात, निळा परत येतो. विकणारे फोटोत बऱ्याचदा याचमुळे ओली थाळी दाखवतात. तेलानेही तेच होतं, पण तेल धूळ पकडतं, पिवळं पडतं, आणि आत मीठ असेल तर त्याला कोंडून ठेवतं. वर्षभरात खरोखरच मळकी दिसायला लागेल.

निस्तेज भाग शोभून दिसतो तो शेजाऱ्यामुळे. समुद्रातल्या मालाची खरी गंमत एकसारखेपणात आहे, एकाच नमुन्याच्या शेकडो प्रती. गेल्डरमाल्सेन हे डच जहाज जानेवारी १७५२ मध्ये बुडालं. १९८५ मध्ये त्यातून दीड लाखाच्या आसपास भांडी निघाली आणि पुढच्या वर्षी अॅमस्टरडॅमला क्रिस्टीजने ती ‘नानकिंग कार्गो’ म्हणून विकली. त्यातली जी भांडी चहाच्या थराखाली आणि गाळात दबली ती काल भट्टीतून काढल्यासारखी, जी उघडी पडली ती तुमच्या थाळीसारखी. म्हणून तुमची तपकिरी वाटी-बशी आणि अर्धी झिजलेली थाळी शेजारी शेजारी ठेवलीत की एकाच जहाजाच्या दोन अवस्था दिसतात, आणि मग कोणी थाळीला मळकी म्हणत नाही. पुढे कधी भर घालायची झाली तर वेगळा नमुना शोधण्यापेक्षा त्याच नदी-पॅगोडाची अजून एक थाळी घ्या, वेगळ्या झिजेची. डायना जहाजाच्या (१८१७, कॅंटनहून मद्रासला जाताना मलाक्काजवळ बुडालेलं) मालातल्या साध्या बशा चार-पाच ओळीने ठेवल्या तर एकट्या उंची फुलदाणीपेक्षा भारी दिसतात. युरोपातल्या राजवाड्यांत पोर्सलीनच्या खोल्या अशाच भरगच्च ओळींनी सजवल्या जायच्या. बर्लिनच्या शार्लोटेनबुर्गमधली खोली अजून आहे. घरात तेवढं भरगच्च नको, पण पुनरावृत्तीची युक्ती तीच.

टांगण्याबद्दल. स्प्रिंगचा तारेचा हँगर नको. त्याच्या चार आकड्या काठाला सतत ओढून धरतात, झिजलेला काठ तिथेच टवके सोडतो. पाण्याने चिकटणारी गोल चकतीही नको. चकचकीत झिलईला ती धरते, पण तुमच्या थाळीच्या खडूसारख्या भागावर धरलीच तर काढताना झिलईचा थर घेऊन निघेल. शिवाय ती लेबलावर येईल, आणि लेबल गेलं तर अर्धी ओळखच गेली. टांगायचीच असेल तर पितळेच्या तीन स्थिर हातांचा, बिनस्प्रिंगचा कंस घ्या. खालच्या दोन हातांनी वजन पेलायचं, वरच्याने फक्त पुढे पडू द्यायचं नाही. तिन्ही टोकांना पॉलिथिनची बारीक नळी चढवा. पीव्हीसीची नको, तिच्यातलं प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ करणारं रसायन) चिकट डाग सोडतं. खालचे हात काठाच्या शाबूत जागी येतील अशी थाळी फिरवून बसवा, चित्र पाच अंश तिरकं दिसलं तरी चालेल. बाहेरची, पावसाने भिजणारी भिंत टाळा. बाथरूमच्या पाठीमागची भिंतही टाळा.

तुमच्या तीन वस्तूंसाठी मात्र मी टांगणी सुचवणार नाही. २५ सेंमी खोल फळी, पुढच्या काठाला एक सेंमीची पट्टी. थाळी मागे स्टँडवर, दहा-बारा अंश मागे झुकलेली. तिच्या पुढे एका बाजूला वाटी-बशी, वाटी बशीतून काढून शेजारी ठेवा म्हणजे बशीचं चित्रही दिसेल. वाडगा दुसऱ्या टोकाला, पाच-सहा सेंमी उंच ठोकळ्यावर, शिंपल्यांची बाजू थेट समोर न ठेवता साधारण तीसेक अंश वळवून, म्हणजे गाळाची रेषा समोर येते. शिंपले बघायला माणूस आपणहून बाजूला सरकतो. तिघांमध्ये समान अंतर ठेवू नका. थाळी आणि वाटी जवळ, वाडगा जरा फटकून.

मागची भिंत शुभ्र पांढरी असेल तर चिनी माती पिवळट-राखाडी दिसते. गडद निळी असेल तर कोबाल्ट (भांड्यांवरचा निळा रंग) मरतो. मातकट, राखाडी-हिरवा किंवा गडद तपकिरी चालतो.

वस्तू हलू नयेत म्हणून संग्रहालयी मेणाचे (वस्तू जागेवर धरून ठेवणाऱ्या चिकट मेणाचे) वाटाण्याएवढे तीन-तीन गोळे. पण फक्त झिलई असलेल्या जागी. बिनझिलईच्या बुडाच्या कडेत मेण शोषलं जातं आणि तेलकट वर्तुळ कायम राहतं. वाडग्याखाली पॉलिस्टर फिल्मची चकती ठेवा, तिच्यावर पातळ फेल्ट. काढताना वस्तू सरळ उचलू नका, हलकेच फिरवा.

दहापटभिंग

पुनरावृत्तीचं मान्य. एक सावधगिरी: जोडी पूर्ण करायच्या नादात लेबल नसलेली ‘नानकिंग’ थाळी घेऊ नका. त्या नमुन्याची भांडी जमिनीवरही भरपूर टिकलीत, आणि समुद्रातली नसलेली थाळी आम्लात बुडवून लेबल चिकटवायला वेळ लागत नाही. लेबलावरचा लॉट क्रमांक १९८६च्या कॅटलॉगमधल्या वर्णनाशी जुळतो का ते बघा. वाटी-बशीचं लेबल थाळीवर आल्याची उदाहरणं कमी नाहीत.

याच मालात काही ‘चायनीज इमारी’ भांडी होती, झिलईवर लाल आणि सोनेरी रंगांची. ते रंग समुद्राने खाल्ले, झिलईखालचा निळा तेवढा राहिला. अशा थाळीवर चित्र तुटक वाटतं, फुलाला देठ आहे पण पाकळ्या नाहीत. तिरप्या प्रकाशात पाकळ्यांच्या जागी पुसट ठसा दिसतो. दोषी माल म्हणून लोक सोडून देतात. सजावटीला मात्र या थाळ्या मला सगळ्यांत जास्त आवडतात.

गाळाचीरेषा

कागदाबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. युनेस्कोचा पाण्याखालच्या वारशाचा करार २००१ मध्ये झाला, २००९ पासून लागू आहे, आणि बुडालेल्या वारशाचा व्यापारी उपसा त्याला मान्य नाही. ८०-९०च्या दशकातले मोठे लिलाव त्याआधीचे, त्यांची वस्तू आज हातोहात विकली जाते. पण ‘नुकतीच मच्छीमारांच्या जाळ्यात आली’ असं सांगून येणारी वस्तू म्हणजे बहुधा कोणीतरी कुठलंतरी जहाज नोंद न करता फोडतंय. गेल्डरमाल्सेनच्या उपशावरही पुरातत्त्वज्ञांची टीका झालीच होती, भांडी निघाली पण जहाजाची नोंद नीट झाली नाही म्हणून. इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळच्या ९व्या शतकातल्या जहाजाचा माल सिंगापूरने एकत्र विकत घेतला, तरी व्यापारी उत्खननाच्या वादामुळे २०११ मध्ये अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालय-संस्थेला त्याचं नियोजित प्रदर्शन थांबवावं लागलं.

तुमच्या बिनकागदी वाडग्यासाठी निदान विक्रेत्याचं लेखी बिल, तारीख आणि भिजवण्याआधीचे चारही बाजूंचे फोटो एका पाकिटात ठेवा.

निळाकाठ

वाडगा टबात गेला. शेवटचा प्रश्न, दिवा कुठून मारायचा? सध्या छतात बरोबर वर एक स्पॉट आहे.

फळीवरचा

वरून सरळ मारला तर थाळीच्या चकचकीत भागात दिव्याचं प्रतिबिंब आणि खडूसारख्या भागात पांढरा पडदा, दोन्ही वाईट. दिवा एका बाजूने, फळीपासून साधारण मीटरभर पुढे आणि ४५ अंश वर घ्या. थाळीचा निस्तेज भाग दिव्याच्या विरुद्ध बाजूला ठेवा. शिंपल्यांच्या सावल्या लांब पडतात आणि थर उठून दिसतो. एलईडी, ३००० केल्विन, रंगदर्शन निर्देशांक (सीआरआय, दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९०च्या वर. त्याहून कमी निर्देशांकात कोबाल्ट मळकट दिसतो. हॅलोजन असेल तर बदला, त्याची उष्णता रोज चालू-बंद होते आणि वाडग्यात थोडंसं मीठ उरलं असेल तर त्याला पुन्हा कामाला लावते. फळीवर कोपऱ्यात छोटा आर्द्रता मीटर ठेवा. ४० ते ६० टक्क्यांत राहिलं तर ठीक, आकड्यापेक्षा तो वरखाली किती होतो ते पाहा.